ओर्तोना: समुद्राकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी

गुहागरची_लेक

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर ऑफिसच्या कामासाठी इटलीत पेस्काराला आठवडाभर होते. या वेळी बाबांना सोबत नेलं होतं. वय अडुसष्ट, बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरतात पण तोंडाने कबूल करत नाहीत. दिवसभर मी कारखान्यात आणि बाबा हॉटेलच्या खिडकीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "संध्याकाळी कुठेतरी जुन्या गावात नेऊन आण बाई. हे पेस्कारा म्हणजे आपलं वाशी आहे."

अगदीच चुकीचं नाही ते. मग स्टेशनवर गेलो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलो. वीस-पंचवीस मिनिटांवर ओर्तोना. रूळ बराच वेळ समुद्राच्या कडेकडेने जातात. स्टेशन खाली, बंदराच्या पातळीवर आणि गाव वर कड्यावर. चढण बऱ्यापैकी आहे. बाबा मात्र झपाझप. मी म्हटलं, "अहो हळू, कुठे गाडी चुकतेय?" तर म्हणाले, "सूर्य बुडायच्या आत वर पोहोचायला हवं."

वर समुद्राच्या बाजूने लांबलचक फिरायचा रस्ता आहे, पासेज्जाता ओरिएन्ताले. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली बंदर. बाबा कठड्याला टेकले, घाम पुसला, चष्मा पुसला आणि समोर बघत राहिले. समोर नुसतंच पांढुरकं पाणी. सूर्याचा पत्ता नाही. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. सूर्य घरांच्या छपरांमागे, टीव्हीच्या अँटेनांच्या जंगलात अडकला होता, डोंगरांच्या दिशेने उतरत.

"अगो, हा समुद्र उलटा लावलाय."

आम्ही गुहागरची माणसं. समुद्र म्हणजे पश्चिम, हे शाळेत शिकवावं लागत नाही. इथे एड्रियाटिक पूर्वेला. रस्त्याच्या नावातच ओरिएन्ताले, म्हणजे पूर्वेकडचा, असं लिहिलेलं होतं. ते आम्ही वाचलं नव्हतं इतकंच. सूर्यास्त बघायला आलेलं कुणीच नव्हतं तिथे. लोक बाकांवर बसले होते ते समुद्राला पाठ करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे तोंड करून. सात वाजत आले तसं अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. इस्त्रीचे शर्ट, लिपस्टिक लावलेल्या ऐंशीच्या बायका, ढकलगाडीत बाळं. कुणालाच कुठे जायचं नव्हतं. या टोकाकडून त्या टोकाला, मग परत. दर वीस पावलांवर थांबून कुणाशी तरी बोलायचं. आमच्याकडे पालखीच्या दिवशी असते तशी गर्दी, फक्त पालखी नाही.

तेवढ्यात एक गोष्ट घडली. दोन-अडीच वर्षांचं एक पोर बुटक्या कठड्यावर चढायला बघत होतं आणि त्याची आजी मागून ओरडली, "पियानो, पियानो!"

बाबा जागच्या जागी थांबले.

इथे थोडं घरचं सांगते. माझे आजोबा मराठा पलटणीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत आले होते. त्याबद्दल ते काहीच बोलायचे नाहीत. कुठे होते, काय केलं, काही नाही. पदकं पत्र्याच्या पेटीत. पण नांगरताना, चढणीवर गाडी ओढताना ते बैलांना "पियानो, पियानो" म्हणायचे. बाबा आणि काका लहानपणी समजायचे की ही बैलांची भाषा. पुढे शहरात आल्यावर पियानो म्हणजे वाद्य हे कळलं, तेव्हा कोडं आणखीच वाढलं, कारण बैल आणि पेटी यांचा संबंध लागेना. इटालियनमध्ये पियानो म्हणजे हळू. पियानो पियानो म्हणजे हळूहळू, सावकाश.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग बाकावर बसल्यावर म्हणाले, "म्हणजे ढवळ्याला इटालियन येत होतं."

यानंतर जे पाहिलं ते थोडक्यात. रस्त्याच्या उत्तर टोकाला आरागोन राजवटीतला किल्ला आहे, पंधराव्या शतकातला. १९४६ साली कडा ढासळला तेव्हा किल्ल्याचा भाग खाली गेला, उरलेला दुरुस्त करून ठेवलाय. त्या सपाटीवरून बंदर पूर्ण दिसतं. मग कॅथेड्रल. आत संध्याकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती, मेणबत्त्यांचा वास होता. खाली तळघरात येशूच्या बारा शिष्यांपैकी संत थॉमसच्या अस्थी आहेत, सोनेरी मुलामा दिलेल्या तांब्याच्या पेटीत. हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. भारतात आलेला, चेन्नईतल्या मैलापूरला मारला गेलेला तो थॉमस! बाबांनी चपला काढल्या. तिथे कुणीच काढत नाही. एका बाईंनी बघितलं आणि त्याही क्षणभर गोंधळल्या.

खाणं: नेव्होले नावाचा इथला खास गोड पदार्थ मिळाला. लोखंडी साच्यात भाजलेली पातळ पोळी, गरम असतानाच गुंडाळून शंकू करतात. त्यात द्राक्षाचा आटवलेला रस. चव थेट काकवीची. बाबांनी तीन खाल्ले. जेवायला म्हणून एका ठिकाणी बसलो तर साडेसातच्या आधी स्वयंपाकघरच उघडत नाही, आणि बिलात माणशी बसण्याचे पैसे वेगळे. "टेकायचे पैसे?" म्हणून बाबा परतीच्या गाडीत अर्धा तास चिडलेले.

फोटो नंतर टाकते. कुणी या भागात गेलंय का? आजोबा नक्की कुठे होते हे शोधायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

...

दाभोळचा_खलाशी

वा, मजा आली वाचून. "समुद्र उलटा लावलाय" यासाठी बाबांना साष्टांग. मी जहाजावर असताना पहिल्यांदा विशाखापट्टणमला असाच फसलो होतो. डेकवर चहा घेऊन सूर्यास्त बघायला उभा, आणि मागे सगळे हसतायत.

...

पोटोबा_आधी

नेव्होलेबद्दल आणखी लिहा की. साचा आपल्या वेफर आइस्क्रीम कोनच्या साच्यासारखाच ना? आणि मटणाच्या त्या बारीक काड्या खाल्ल्या नाहीत? अब्रुत्सो प्रांतात जाऊन आरोस्तिचीनी न खाता परत येणं म्हणजे कोल्हापूरला जाऊन दूध पिऊन येणं.

...

गुहागरची_लेक

@पोटोबा_आधी खाल्ल्या हो, पेस्कारात. मेंढीच्या मटणाचे सुपारीएवढे तुकडे काडीला लावून लांबट अरुंद शेगडीवर भाजतात, वर फक्त मीठ. बाबा म्हणाले मसाला विसरले वाटतं. तरी वीस संपवल्या. साचा तसाच, पण लांब दांड्याचा चिमटा असतो आणि आत नक्षी कोरलेली. एका घराच्या उघड्या दारातून दिसला म्हणून कळलं.

...

टोरांटोची_मीनल

ओर्तोना हे नाव शीर्षकात वाचून दचकलेच. इथे कॅनडात हे गाव वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. डिसेंबर १९४३. २० ते २८ तारखेपर्यंत कॅनेडियन सैनिक या गावात घराघरातून लढले, समोर जर्मन छत्रीधारी सैनिक. रस्त्यांवर ढिगारे आणि तोफा रोखलेल्या, म्हणून रस्त्याने जायचंच नाही. लागून असलेल्या घरांच्या सामाईक भिंती स्फोटकांनी फोडायच्या आणि एका घराच्या माजघरातून दुसऱ्याच्या माजघरात शिरायचं. तेराशेच्या आसपास गावकरी मेले त्या दिवसांत.

२५ डिसेंबरला सांता मारिया दी कोस्तान्तिनोपोली या चर्चमध्ये पांढऱ्या चादरी घातलेल्या टेबलांवर नाताळचं जेवण वाढलं. एकेक कंपनी आळीपाळीने आघाडीवरून मागे यायची, जेवायची आणि परत जायची. काहींचं ते शेवटचं जेवण ठरलं. एक जण ऑर्गन वाजवत होता.

आम्ही २०१९ मध्ये गेलो होतो. गावाबाहेर मोरो नदीजवळ कॅनेडियन स्मशानभूमी आहे, १,६१५ कबरी. बहुतेकांवर वय लिहिलेलं. मी वीस आणि एकवीस मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. तुम्ही जिथे फिरलात तिथली बरीचशी "जुनी" घरं युद्धानंतरची आहेत, ताई.

...

बुलेटराजा७८

छान लेख होता, पण प्रवासाच्या धाग्यात युद्ध कशाला? संध्याकाळ, समुद्र, मटण. बास की.

...

टोरांटोची_मीनल

@बुलेटराजा७८ त्या गावात दहा मिनिटं चाललात तर चौकात पडलेल्या सोबत्याशेजारी गुडघे टेकून बसलेल्या सैनिकाचा पुतळा लागतो. डोळे मिटून चालायचं का?

...

बुलेटराजा७८

बरं बाई. लिहा.

...

वसईचा_पेद्रू

आमच्या वसईत सांडोरला संत थॉमसचं चर्च आहे, त्यामुळे ओर्तोनाची कथा घरी ऐकत आलोय. थोडी भर.

अस्थी थेट भारतातून इटलीत गेल्या नाहीत. परंपरा सांगते की मैलापूरहून आधी एडेसाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. तिथून ग्रीसच्या किओस बेटावर. १२५८ मध्ये ओर्तोनाची तीन गलबतं किओसला होती, लिओने आच्चायुओली त्यांचा कप्तान. त्याने अस्थी आणि कबरीवरचा दगड उचलला आणि गावी आणला. चोरलं म्हणा, वाचवलं म्हणा, त्या काळात दोन्हींत फारसा फरक नव्हता. तो दगडही तिथेच आहे, त्यावर ग्रीक अक्षरांत नाव आणि संताची अर्धाकृती कोरलेली. १५६६ मध्ये पियाले पाशाच्या तुर्की आरमाराने गाव लुटलं, चर्च जाळलं, तरी अस्थी वाचल्या. मैलापूरचे लोक त्यांच्याकडच्या कबरीला मानतात, ओर्तोनाचे त्यांच्याकडच्या पेटीला. आमची आजी म्हणायची, संत मोठा असला की त्याचे हिस्से होणारच, जमिनीसारखे.

ताईंच्या बाबांनी चपला काढल्या हे वाचून बरं वाटलं. आमच्या आजोबांनीही काढल्या असत्या.

...

गुहागरची_लेक

@वसईचा_पेद्रू धन्यवाद! तो दगड मी बघितला पण काय आहे कळलं नव्हतं. वाटलं कुणाची तरी समाधी. कॅथेड्रल बाहेरून अर्धं जुनं अर्धं नवं दिसतं, ते तुर्कांमुळे की बॉम्बिंगमुळे?

...

नकाशावाला

बॉम्बिंग नव्हे. डिसेंबर १९४३ मध्ये जर्मनांनी मुद्दाम सुरुंग लावून ते पाडलं. उंच मनोरे आणि घुमट राहिले तर शत्रूला टेहळणीला मिळतात आणि पाडले तर ढिगाऱ्याने रस्ता बंद होतो, एका दगडात दोन पक्षी. युद्धानंतर पुन्हा उभारलं.

याच बंदरातून त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इटलीचा राजा पळाला होता. ८ तारखेला दोस्त राष्ट्रांशी शस्त्रसंधी झाल्याचं जाहीर झालं, ९ च्या रात्री राजा व्हित्तोरिओ एमानुएले कुटुंबासकट ओर्तोनाच्या धक्क्यावर आला आणि बायोनेत्ता नावाच्या छोट्या युद्धनौकेतून ब्रिंदिसीला गेला. रोममधलं सैन्य वाऱ्यावर सोडून. तीन महिन्यांनी त्याच गावावर काय कोसळलं ते वर मीनलताईंनी लिहिलंय.

आता आजोबांबद्दल. इटलीत मराठा पलटणीच्या एकाहून अधिक बटालियन होत्या. त्यांतल्या दोन जास्त माहितीच्या. पहिली (१/५ मराठा) ही ८ व्या भारतीय डिव्हिजनच्या २१ व्या ब्रिगेडमध्ये. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि एड्रियाटिकच्या कडेने वर सरकत नोव्हेंबरात सांग्रो नदी आणि डिसेंबरात मोरो नदीपर्यंत आली. मोरो नदी म्हणजे ओर्तोनाची वेसच. तिसरी (३/५ मराठा) ही १० व्या डिव्हिजनमध्ये. आपल्या रायगडमधल्या माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ ला तिबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि तिथेच गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोन्तोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं. शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन पाण्यातून नेलं आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी बंद पाडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परत आले.

म्हणजे आजोबा पहिल्या बटालियनचे असतील तर तुम्ही ज्या कठड्यावर टेकलात तिथून काही किलोमीटरवर ते १९४३ च्या हिवाळ्यात चिखलात होते. तिसऱ्या बटालियनचे असतील तर ओर्तोनाशी त्यांचा संबंध नसावा. उगाच आशा नको.

...

सॅपरकाका

नकाशावाला यांनी मोरो नदीचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो, कारण हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

ओर्तोनाच्या हद्दीतच काल्दारी वाडीच्या खाली मोरोवर पूल हवा होता. आपल्या काठावरचा रस्ता नदीशी येऊन असा काटकोनात वळत होता की बेली पूल जोडून पुढे ढकलायला सरळ जागाच नाही. बेली पूल म्हणजे लोखंडी चौकटींचा, एका काठावर जोडत जायचा आणि रुळांवरून समोर सरकवायचा. बंगाल सॅपर्सच्या, म्हणजे लष्कराच्या बांधकाम पलटणीच्या, इंजिनिअरांनी काय केलं, सामान नदीपार वाहून नेलं आणि शत्रूच्या काठावर उभं राहून, शत्रूकडे पाठ करून, पूल उलटा आपल्या बाजूला सरकवला. रात्रीत, गोळीबारात. त्याला "अशक्य पूल" असंच नाव पडलं. तो सिद्ध झाल्यावर पलीकडच्या पायदळाला मागून रसद जायची सोय झाली.

तुमचे बाबा म्हणाले समुद्र उलटा. पूलपण उलटाच होता तिथे.

...

आकाशकंदील

युद्धाची चर्चा थांबवत नाही, पण त्या पांढुरक्या पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. @गुहागरची_लेक, सूर्य मावळल्यावर समुद्राच्या वर क्षितिजाला गुलाबी पट्टा आणि त्याखाली निळसर-करडा पट्टा दिसला का? खालचा करडा भाग म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची सावली. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला दिसते आणि हळूहळू वर चढते. कोकणात आपण पश्चिमेला टक लावून बसतो, आणि त्या वेळी ही सावली पाठीमागे सह्याद्रीच्या आड झाकली जाते. पूर्वेला मोकळा समुद्र असेल तर ती पाण्यातूनच उगवताना दिसते.

...

गुहागरची_लेक

@आकाशकंदील दिसला! मी त्याला ढग समजले होते. बाबांनी विचारलंही, "हे जांभळं काय वर येतंय, पाऊस आहे का?" आधी पाणी दुधासारखं झालं, आकाशाहून फिकं. मग खालून करडं चढत गेलं आणि गुलाबी पट्टा वर वर सरकत विरला. तेवढ्यात बंदराच्या धक्क्याच्या टोकाला दिवा लागला. वाटलं पंधरा मिनिटं गेली असतील, घड्याळ बघितलं तर चाळीस.

...

ठाणेकर_अनु

वाखूसा (वाचनखूण साठवली). गाडीचं जरा सांगा. परतीची शेवटची किती वाजता असते? आई-बाबांना घेऊन जायचा विचार आहे, त्यांना चढण झेपेल का?

...

गुहागरची_लेक

@ठाणेकर_अनु वेळ त्या दिवशीच स्टेशनवर बघून घ्या, रविवारी वेगळं असतं. कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. चढण अवघड नाही पण वयस्कर माणसं असतील तर टॅक्सी करा आणि उतरताना चाला. आणि सहाच्या आत वर पोहोचायची घाई करू नका. आमच्यासारखी.

...

दाभोळचा_खलाशी

त्या किनाऱ्यावर ओर्तोनाच्या दक्षिणेला सान व्हितोकडे समुद्रात लाकडी मचाणं दिसतात, त्राबोक्को म्हणतात. खांबांवर उभं खोपटं, किनाऱ्यापासून फळ्यांचा अरुंद पूल, आणि पुढे लांब बांबूसारखे हात पसरून त्यांना टांगलेलं मोठं जाळं. रहाटाने खाली सोडायचं, मासे आले की वर घ्यायचं. होडी न काढता मासेमारी. कोचीच्या चिनी जाळ्यांचे चुलत भाऊच. आता बऱ्याच मचाणांवर हॉटेलं झालीत. जुनी रेल्वेलाइन काढून तिथे समुद्राकडेने सायकलचा रस्ता केलाय, ओर्तोनापासून वास्तोपर्यंत. पुढच्या वेळी तिकडून जा, बाबांना मचाणं आवडतील.

...

नकाशावाला

आणि सायकलने जाल तर थोडं आत वळून तोरिनो दी सांग्रोची युद्ध-स्मशानभूमी बघा. टेकडीवर आहे. तिथे हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन-स्मारक आहे, पाचशेहून अधिक नावं. इटलीत अशी फक्त तीन आहेत. नावांत जाधव, शिंदे, कदम शोधायला मला फार वेळ लागला नाही.

...

गुहागरची_लेक

काल काकांना फोन केला. गुहागरच्या घरात पेटी उघडली. इटली स्टार पदक आहे. डिस्चार्जचं पुस्तक आहे. चुलतभावाने फोटो पाठवला. पलटणीच्या नावाच्या ओळीत तिरकी रेघ आहे, तिच्यानंतर ५ आहे आणि पुढे मराठा. तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा वाळवीने खाल्लाय. बरोब्बर तेवढाच.

बाबा म्हणतात एक असेल. काका म्हणतात तीन.

...

नकाशावाला

अरेरे. पण हरकत नाही. शिपायाचा रेजिमेंटल नंबर वेगळ्या ओळीत असतो, तो शाबूत आहे का? असेल तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला नंबर, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि भरती साल लिहून पत्र पाठवा. ईमेलपेक्षा पत्र. सोबत पुस्तकाची झेरॉक्स आणि नातं दाखवणारा कागद जोडा. उत्तराला वेळ लागेल, पण विचारायला हरकत काय.

...

गुहागरची_लेक

नंबर शाबूत आहे. पत्र बाबा स्वतः लिहितायत, तिसरा खर्डा चालू आहे. काका मागून सांगतायत, घाई करू नको, पियानो पियानो.